गिरणी सुरू होईपर्यंत

लवू पालव गिरणीत लागला तो बापाच्या जागी. दाजी पालवांनी लालबागच्या एका गिरणीत उभी हयात साच्यावर, म्हणजे मागावर, काढली आणि निवृत्त होताना माणसं भरणाऱ्या जॉबरची मनधरणी करून मुलाला तिथेच चिकटवलं. दाजींच्या डोक्यात पुढचंही सगळं पक्कं होतं. लवूला मुलगी एकच, विमला; पण तिला नवरासुद्धा गिरणीतलाच बघायचा, म्हणजे घराला काही बघावं लागणार नाही, असं ते उघड बोलून दाखवायचे.

त्यामुळे ब्याऐंशी साली संप लागला, महिने गेले आणि मिटण्याचं चिन्ह दिसेना, तेव्हा लवू मालवणकडच्या कट्टा गावाजवळच्या आपल्या वाडीत आला खरा, पण तो नुसता देहाने आला. मन तिकडेच होतं. ट्रंकेतले कपडे त्याने बाहेर काढले नाहीत. लागेल तेवढा एक सदरा काढायचा, धुऊन वाळला की परत ट्रंकेत. त्याची बायको रुक्मिणी लग्न झाल्यापासून वाडीतच, सासऱ्यांचं आणि भातशेतीच्या दोन कोपऱ्यांचं बघत राहिलेली. नवरा एवढे दिवस घरात असण्याची तिला सवय नव्हती. तो पडवीत बसलेला असला की तिला केर काढतानाही अवघडल्यासारखं व्हायचं.

"जरा बाजारात तरी जाऊन येवा," ती एकदा म्हणाली. "मानूस नुसतो बसान कुजता."

कट्ट्याच्या बाजारात गुरुदासचं दुकान होतं. लग्नकार्याला, नाटकाला, भजनाला तो भांडी आणि गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा. लवू तिथे बिडी ओढायला बसला असताना गुरुदास एका बत्तीला पंप मारमारून कातावला होता. लवूने ती हातात घेतली. पंपाचं चामडं सुकून गेलं होतं. त्याने ते काढलं, खोबरेल तेलात भिजत ठेवलं, पुन्हा बसवलं. बत्ती फुरफुरली आणि पेटली. गुरुदास म्हणाला, "उद्या येशीत? अजून धा-बारा पडल्यात मागे."

"येतंय," लवू म्हणाला. "गिरणी सुरू होईपर्यंत."

हे वाक्य पुढे त्याने किती जणांना ऐकवलं त्याला गणती नाही. बत्त्यांनंतर भजनी मंडळाचा कर्णा आला. मग एका शिवणवाल्याचं मशीन. मग कुणीतरी म्हणालं, तू साचे चालवलेस ना, मग तुळसाकाकीचं इंजीन बघ एकदा.

तुळसाकाकी नात्याने लांबची. विधवा, मूलबाळ नाही. ओहोळाच्या कडेला तिची पोफळीची बाग होती. नवऱ्याने हाताने लावलेली. पाणी काढायला विहिरीवर एक जुनाट डिझेल इंजीन होतं आणि ते तिच्या नवऱ्याखेरीज कुणाला वश नव्हतं. लवूने ते खोलून पडवीभर पसरलं. कुठला तुकडा कुठला, हे लक्षात ठेवता ठेवता त्याच्या डोक्याला घाम फुटला. दोनदा जुळवलं, दोनदा चालेना. तिसऱ्या खेपेला हँडल मारल्यावर ते खोकललं, धूर ओकलं आणि धडधडायला लागलं. पाटाला पाणी लागलं तेव्हा तुळसाकाकी पाण्यात पाय घालून उभी राहिली. लवू घरी येताना वाटेत आपल्याशीच हसला. गिरणीतून सुटल्यावर असं हसू कधी आलं होतं, त्याला आठवेना.

मग तो त्या इंजिनाचा वैद्यच होऊन बसला. हिवाळा-उन्हाळा आठवड्यातून एकदा तरी फेरी ठरलेली. आवाज जरा बदलला की लांबूनच कळायचं. पण घरात या सगळ्याला नाव नव्हतं. दाजी पडवीतल्या बाकावर बसून मुंबईहून येणाऱ्या एसटीचे उतारू न्याहाळायचे, गिरणीची खबर आणणारा कुणी दिसतोय का म्हणून. लवू काळे हात घेऊन आला की तोंड फिरवायचे.

"येळ काढतस तो काढ," ते म्हणायचे. "पण ह्यां काम न्हय. काम म्हणजे भोंगो झालो की सुरू आणि भोंगो झालो की बंद. ह्यां काय? आज बत्ती, उद्या इंजान, परवा कोनाचो घासलेटचो इस्टो!"

लवूलाही ते पटायचं. हीच तर गोम होती. लोक हाक मारत, तो जात होता, काम जमत होतं, पण विमलाच्या शाळेत मास्तरांनी "वडील काय करतात?" विचारलं, तेव्हा पोर "घरी विचारून सांगते" म्हणाली. ती घरी येऊन विचारू लागली, "बाबा, मी काय सांगू?" "मुंबईत असतात म्हणून सांग," रुक्मिणी चुलीजवळून म्हणाली.

पंच्याऐंशीच्या सुरुवातीला लवूचा गिरणीतला जोडीदार बाबू गावी आला आणि थेट त्यांच्या खळ्यात येऊन उभा राहिला.

"लवू, सुरू झाली रे! सगळ्यांका नाय, जुन्यांतली थोडी मानसा घेतत. जॉबर माज्या वळखीचो आसा. आताच चल."

दाजी उठून उभे राहिले. कितीतरी दिवसांनी ते काठी न घेता अंगणापर्यंत चालत गेले. देवाला नारळ ठेवला. रुक्मिणीने ट्रंक पुसली. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि ती लवूला बोचली. पण तिला दोष कसा द्यायचा? जाण्याआधी तो तुळसाकाकीकडे गेला.

"इंजान बरा आसा," त्याने सांगितलं. "तेल तेवढा बघीत रव. काय झालां तर कणकवलीचो मिस्त्री आसा."

"जा बाबा," ती म्हणाली. "पोटापाण्याचा आसा. तू जा."

गिरणीत गेल्यावर मात्र वेगळंच झालं. ज्या साच्यांच्या आवाजासाठी तो तीन वर्षं झुरला, तो आवाज कानावर पडला आणि आत काहीच हललं नाही. एकेकाला साचे पूर्वीपेक्षा जास्त दिलेले, माणसं कमी. फाटकाबाहेर जुने सोबती उभे असत, त्यांना आत घेतलं नव्हतं. त्यांच्या समोरून आत जाताना मान वर होत नसे. पाळी संपली की खानावळीत जेवण, आणि मग चाळीच्या गॅलरीत बसून शेजाऱ्यांचे स्टोव्ह दुरुस्त करणं. स्टोव्ह दुरुस्त करताना त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटतं याचीच भीती वाटायची. एवढ्या लोकांना जे मिळालं नाही ते आपल्याला मिळालं, आणि ते आपल्याला गोड लागत नाही. हे कुणाला सांगणार? बाबूला सांगितलं असतं तर त्याने थोबाडीत दिली असती.

गणपतीला सुट्टी काढून तो गावी आला. मखराची तयारी, आरत्या, पाहुणे, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी तो मोदक घेऊन तुळसाकाकीकडे निघाला. ओहोळ ओलांडून वर आला आणि थांबला.

बागेत शेंडे नव्हते. नुसते खांब उभे होते, करड्या रंगाचे. पावसाने खाली गवत माजलेलं, हिरवंगार, आणि त्यातून ते मेलेले खांब वर गेलेले. विहिरीजवळच्या एका ओळीत तेवढी झाडं जगली होती.

तुळसाकाकी ओसरीवर फुलवाती वळत होती. त्याला बघून म्हणाली, "इलस? बस."

"काकी, ह्यां काय?"

"शिमग्यात बंद पडला. कणकवलीचो मिस्त्री इलो, बघल्यान, जुना आसा म्हणालो, पार्ट गावनत नाय म्हणालो. परत येतंय सांगून गेलो तो गेलोच." तिने एक वात संपवून ताटात ठेवली. "मी कळशेन घातलंय पानी. जमला तेवढ्यांका घातलंय. वैशाखात माजी कंबर धरली."

"माका कळवूक नाय कोनी?"

"कळवून काय करतलंस? तू गिरणीत." मग एवढा वेळ आवरून धरलेलं तिच्या तोंडून सुटलंच. "तुजो राग नाय रे माका. पन तीन वर्सा तू येय होतंस, म्हणून मी दुसऱ्या कोनाक बघलंय नाय. ह्यां तू येळ काढूक करतंस, ह्यां माका ठावकच नाय होता."

लवूच्या हातातला मोदकांचा डबा तसाच राहिला. तो विहिरीवर गेला, इंजिनावरचं गोणपाट बाजूला केलं. गंज चढला होता. तो तिथेच बसून राहिला. गिरणीत आपण चार दिवस आलो नाही तर साच्यावर बदली कामगार उभा राहतो आणि कापड निघतच राहतं. इथे आपण नव्हतो, आणि एका बाईच्या नवऱ्याने लावलेली बाग गेली. आणि आपण त्या कामाला काम म्हणतसुद्धा नव्हतो.

गौरी-गणपती पाण्यात गेले. चाकरमान्यांच्या गाड्या सुटायला लागल्या. लवू गेला नाही.

रुक्मिणीने ऐकून घेतलं आणि हातातलं भांडं आदळलं. "तुमका खुळ लागलां? लोक फाटकाभायर रडतत आणि तुमी भायर येतास? विमला न्हाती-धुती झाली. उद्या तिका बघूक लोक इले की मी काय सांगू, बापूस इंजना खोलता?" ती रडली, आणि नंतर कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. तिचं चुकत होतं असं लवूला वाटलं नाही. आपलं बरोबर आहे असंही वाटलं नाही.

दाजींनी हे सगळं पडवीतून ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणी धावत मागच्या दारी आली. दाजी घरात नव्हते. खुंटीवरचा जुना कोट नव्हता.

लवू कट्ट्याच्या थांब्यावर पोचला तेव्हा मुंबईची गाडी उभी होती आणि दाजी खिडकीशी बसले होते, कोटाची सगळी बटणं लावून.

"दाजी, उतरा. खंय चललास?"

"गिरणीत. जागा रिकामी ठेवची नाय. तू नाय तर मी उभो रवतंय साच्यावर."

"आता ह्या वयात तुमका कोन घेतलो?"

"जॉबराच्या पाया पडान. पयलीपन पडलंय."

गाडी सुटायला आली. बापाला खेचून उतरवायचं लवूला होईना. तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला. गाडी निघाली, महामार्गाला लागली.

"तुमी गिरणीत कशे लागलास?" लवूने विचारलं.

"तुका ठावक आसा."

"परत सांगा."

दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माका बोटीर खलाशी होवचा होता. बापूस गलबतार होतो. मुंबयत गेलंय, बोट चुकली. खोलीतलो एक मानूस तापान पडलो, तेच्या बदली चार दिवस जा म्हणाले. गेलंय."

"आणि?"

"आणि काय! चार दिवस संपलेच नाय."

लवूने ते वाद जिंकायला विचारलं नव्हतं. दाजीही चार दिवसांपुरतेच लागले होते हे त्याला नुसतं आठवत होतं, आणि एकट्याने आठवायचं धाडस होत नव्हतं.

तळेऱ्याला गाडी चहाला थांबली. दाजी उतरताना धडपडले, रस्त्याच्या कडेला बसून ओकले. रस्त्याच्या वळणांनी नव्हे. पोटात सकाळपासून काही नव्हतं. लवूने पाणी दिलं, कोटाची बटणं सोडली. आतला माणूस केवढासा झाला होता, ते त्याला तिथे पहिल्यांदा दिसलं. कंडक्टरने घंटी मारली, त्यांच्याकडे बघून थांबला. दाजींनी हात हलवला, जा म्हणून. गाडी खारेपाटणच्या दिशेने गेली.

"माका तुजा पटना नाय," दाजी म्हणाले. "मरासर पटाचा नाय."

"बरां."

"घरी जावया."

दाजींना खरंच कधी पटलं नाही. पुढे दोन वर्षं ते होते, आणि पडवीतून एसटी बघत राहिले. पण बाहेरून कुणी लवूला हाक मारली, तर आता ते "नाय तो" असं म्हणत नसत; कुठे गेलाय ते सांगत.

परत आल्यावर हातात आयतं काम नव्हतं. गुरुदासच्या बत्त्या अडगळीत गेल्या होत्या, वाड्यांतून वीज येत होती. लोकांनी दुसरे मिस्त्री धरले होते. गेलेला माणूस पुन्हा जाणार नाही कशावरून? सगळ्यांत आधी लवूने न मिळणारा तुकडा घडवून घेऊन तुळसाकाकीचं इंजीन सुरू केलं, तेही नुसत्या जगलेल्या एका ओळीसाठी. मग तो विजेचं फिटिंग शिकला, एका ठेकेदाराच्या हाताखाली, आपल्यापेक्षा लहान माणसाच्या शिव्या खात. मोटर जळली की आतली तार नव्याने गुंडाळायला शिकला. एखाद्या महिन्यात उसंत नसे, एखाद्या महिन्यात कुणी फिरकत नसे, आणि मग रुक्मिणीचं भांडं पुन्हा आदळे. पण "गिरणी सुरू होईपर्यंत" हे तो परत म्हणाला नाही. कुणाकडे जायचं कबूल केलं की गेला. लोकांना हे कळायला वेळ लागला, पण कळलं.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर मालवणहून निरोप आला. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यातलं यंत्र बंद पडलं होतं, आणि मालकाला कायमचा माणूस हवा होता. रुक्मिणीने भाकरी बांधताना विचारलं, "कायमचो म्हणतत ना? मग हो म्हणा."

"आधी बघतंय तरी."

"बघूचा काय तेच्यात?" ती म्हणाली, पण आवाजात पूर्वीची धार नव्हती, काळजी होती. "तुमी असला यंत्र कधी बघलास?"

"नाय."

कारखान्याच्या दारातच त्याच्या नाकाडोळ्यांत अमोनियाचा वास गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आत लोखंडी नळ्या, घड्याळासारख्या तबकड्या, माणसाच्या उंचीचं चाक. यातलं काय कुठे जातं, त्याला एक अक्षर समजेना. बाहेर कोळणी टोपल्या घेऊन बर्फासाठी खोळंबल्या होत्या. दुरुस्तीपुरता कोल्हापूरहून बोलावलेला मिस्त्री आत वाकून काम करत होता. त्याने मान वर करून विचारलं, "तुला येतं का रे काही यातलं?"

"नाय," लवू म्हणाला. "तुमी करा. मी बघतंय."

त्याने डोळे पुसले, पिशवी भिंतीशी ठेवली आणि मिस्त्रीचा हात दिसेल अशा बेताने उकिडवा बसला. थोड्या वेळाने मिस्त्रीने न बघताच हात मागे केला, आणि लवूने अंदाजाने एक पाना त्या हातात दिला. तो चुकीचा होता. त्याने दुसरा दिला.