साखरेच्या डब्यामागचा शिपाई

कार्ल्सरूहेच्या दुर्लाख भागात टेकडीला पाठ टेकून बसलेलं एक जुनं घर आहे. वर क्रांती सोनकांबळे राहते, पीएचडी करणारी. खाली घरमालकीण रोझविटा केस्लर, जर्मन रिवाजानं फ्राऊ केस्लर, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. यंदा उन्हाळ्यात क्रांतीची आई गयाबाई नांदेडहून आली आणि मधला जिना नांदता झाला. एकीला जर्मन येत नाही, दुसरीला मराठी. पण धिरडं उलटायला भाषा कशाला लागते?

एका सकाळी फ्राऊ केस्लरांच्या स्वयंपाकघरात गयाबाईनं साखरेचा डबा काढला, तर मागून फोटो निघाला. लष्करी कोटातला मिशाळ शिपाई, ओठांत हसू दाबलेला.

"हा जाकोब फ्रीडरिश केस्लर," फ्राऊ केस्लर म्हणाल्या. "माझ्या पणजोबांचा थोरला भाऊ. इथल्या राजेशाहीविरुद्धच्या बंडात होता. बंड मोडलं, हा अमेरिकेला निसटला. तिथल्या यादवी युद्धात पायदळात गेला. आईला एवढा फोटो धाडला, सोबत चिठ्ठी ना चपाटी. घरात म्हणतात, आईला विसरला. म्हणून भिंतीवर जागा नाही."

"लढला कुठल्या बाजूनं?" क्रांतीनं विचारलं.

"उत्तरेच्या. गुलामी मोडणाऱ्यांच्या."

क्रांतीच्या अंगावर काटा आला. दर एक जानेवारीला बाबांच्या खांद्यावर बसून भीमा कोरेगावचा स्तंभ बघितलेली पोर ती. पलटणीतल्या पूर्वजापुढं माथा टेकवायचा, हे तिला अक्षरांच्या आधी आलेलं. आणि असा शिपाई साखरेच्या डब्यामागं?

"रविवारी तुमचं घराणं जमतंय ना? तोवर मी शोधून काढते याला."

"काढ पोरी. डोळे मिटायच्या आधी त्याला एकदा भिंतीवर बघायचंय."

क्रांती कॉम्प्युटरला अशी चिकटली की चहावर साय धरली. शेवटी सापडला एक जाकोब केस्लर, बापाचं नाव फ्रीडरिश. पण तो पहिल्याच लढाईआधी पलटण सोडून पळालेला! जड पावलांनी खाली जाऊन तिनं एवढंच सांगितलं, "सापडला. पण पळालेला."

रविवारसाठी खुर्च्या घेऊन फ्राऊ केस्लरांचे धाकटे भाऊ एवाल्ड नेमके तिथं आलेले. ते खदखदून हसले, "गेनाऊ! अगदी बरोबर! इथून पळाला, तिथूनही पळाला. शिस्तीचा माणूस!"

फ्राऊ केस्लर हसल्या नाहीत. फोटो उचलून त्यांनी पुन्हा डब्यामागं सरकवला. त्या दिवसापासून खालचं गाणं थांबलं.

"रोझाबाई गुणगुणत नाय गं," गयाबाई म्हणाली. "घर कसं चूल विझल्यावानी वाटतंय."

शनिवारी फ्राऊ केस्लर दारावरच्या बेलची पाटी बदलायला बसल्या. पावसानं जुनी अक्षरं पुसट झालेली. क्रांतीचा पासपोर्ट समोर धरून त्यांनी विचारलं, "क्रांती विठ्ठल. यातलं हाक मारायचं नाव कुठलं? मी रोझविटा मारिया. मारिया ही माझी धर्ममाता, बाप्तिस्म्याला तिचंच नाव मला मधे दिलं. तुझा विठ्ठल कोण?"

"विठ्ठल माझे बाबा! आमच्यात मधलं नाव बापाचंच असतं."

बोलता बोलता क्रांतीला जाकोबचं मधलं नाव आठवलं. "फ्राऊ केस्लर, जाकोबच्या नावातला फ्रीडरिश कोण?"

"त्याचा धर्मपिता. गावचा बेकरीवाला."

"आणि बाप?"

"गेओर्ग! कोण असणार?"

"अगं आई गं!" क्रांतीनं कपाळावर हात मारून घेतला. "मी बेकरीवाल्याला बाप करून भलत्याच माणसाला पळपुटा ठरवला!"

ती दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाली. या खेपेला बापाचं नाव बाजूला ठेवून तिनं गावाचं नाव धरलं, आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दफनभूमीतल्या एका दगडाचा फोटो उघडला. जाकोब एफ. केस्लर. खाली पायदळाच्या पलटणीचं नाव, त्याखाली केस्लरांचंच गाव. पलटणीच्या नोंदीतही सापडला: युद्ध संपेस्तोवर लढलेला, पाय अधू करून घरी आलेला. आणि फोटोत त्याच्या दगडाशेजारी लहान दगड: मागडालेना, जाकोबची लेक.

क्रांतीनं फोटो खाली नेऊन दाखवला, तसं फ्राऊ केस्लरांनी लहान दगडावरच्या नावावर बोट ठेवलं. "मागडालेना हे त्याच्या आईचं नाव," त्या हळूच म्हणाल्या.

क्रांतीनं मराठीत सांगितलं, तशी गयाबाई पदर सावरत म्हणाली, "मंग इसरला कुठं? पोरीला हाक मारली की मायलाच हाक की ती!"

रविवारी घर माणसांनी भरलं. क्रांतीनं उभं राहून आधी आपली चूक सांगितली; हशा पिकला. मग दगडांचे फोटो दाखवले; हशा विरला. गयाबाईनं शिपायापुढं मेणबत्ती लावली, दोन झेंडू ठेवले आणि जात्यावर बसल्यासारखी ओवी धरली:

लेक गेला दूरदेशी, माय राहिली गावात,
रोज तिला हाक मारी लेकीच्या नावात.

क्रांतीनं अर्थ सांगितला. तोवर फ्राऊ केस्लरांनी चाल उचललीही होती. सगळ्यांच्या नजरा एवाल्डकडं वळल्या. ते उठून गाडीकडं गेले.

"रागावला," कुणीतरी कुजबुजलं.

एवाल्ड परतले ते हातात हातोडा, खिळा आणि समपातळी बघायची पाणसळ घेऊन.

"सरका," ते नाक ओढत म्हणाले. "शिपाई आहे तो. वाकडा टांगायचा नाही."