होणाऱ्या सासऱ्याच्या पाठीत

प्रथमोपचाराच्या वर्गाला मी गेले ती निव्वळ ईर्ष्येने. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात दर पाळीला दोन माणसं प्रथमोपचार शिकलेली हवीत असा फतवा निघाला, आणि साहेबांनी झाडून सगळी पुरुषांची नावं दिली. मी केबिनमध्ये जाऊन विचारलं, का हो, आम्ही मेलो का सगळ्या? तर म्हणाले, मुलींना रक्त बघून भोवळ येते. झालं. माझं डोकं जे फिरलं ते माझं नाव त्यांच्या हाताने लिहून घेऊनच शांत झालं.

वर्ग अड्यारला, दर शनिवारी. शिकवायला विजयालक्ष्मी मॅडम, लष्करी इस्पितळातून निवृत्त झालेल्या परिचारिका. काय बाई होती! पहिल्याच दिवशी त्यांनी आमची घरगुती शहाणपणं एकेक करून केराच्या टोपलीत टाकली. भाजलं की टूथपेस्ट लावायची नाही, नळाखाली गार पाण्यात धरायचं. कापलं की हळद नाही, कॉफीपूड तर अजिबात नाही, स्वच्छ फडकं दाबून धरायचं. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही, पुढे वाकायचं. फीट आलेल्या माणसाला आमच्या सांगलीला कांदा हुंगवतात आणि इथे चेन्नईत त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा देतात. मॅडमनी दोन्ही एकाच झटक्यात बाद केलं. सगळ्यात जास्त हसलो ते ठसक्यावर. टाळूवर थापट्या मारायच्या, वर बघ म्हणायचं आणि कुणीतरी तुझी आठवण काढली म्हणायचं, हे मला वाटायचं फक्त माझी आईच करते. तर वर्गातल्या झाडून सगळ्या तमिळ पोरांच्या आयाही तेच करत होत्या.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. खोकता येत असेल तर खोकू द्या, म्हणाल्या. पण आवाजच बंद झाला, खोकलाही येईना, तर थापट्या नाहीत आणि पाणी तर मुळीच नाही. पुढे वाकवायचं, दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात हाणायचं. तेवढ्याने नाही निघालं तर मागून कवेत घ्यायचं, बेंबीच्या वर मूठ ठेवून आत आणि वर झटका. पोट फार सुटलेलं असेल, हात पोचत नसतील, तर तीच मूठ छातीच्या मध्यावर. रबरी पुतळ्यावर मी ते इतक्या जोरात केलं की मॅडम म्हणाल्या, अदिती, पुतळा सरकारी आहे.

मला वेडच लागलं हो. टी. नगरच्या बसमध्ये उभी असले की शेजारचे काका पडले तर त्यांना कसं कुशीवर वळवायचं याचे बेत करायची. हॉस्टेलमधल्या मुली मला बघून दारं लावून घ्यायच्या, कारण मी दिसेल तिचा हात झोळीत बांधत होते. रात्री झोप येईना इतकं सगळं अंगात सळसळत होतं. असं वाटायचं, कुणाला तरी काहीतरी होऊ दे, थोडंसंच, आणि मी जवळ असू दे.

आता अरुणचं सांगते. अरुण आमच्याच कारखान्यात डिझाइनला. तंजावरी मराठ्यांचं घर, शेकडो वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्याची मराठी ऐकली की मला आधी हसू यायचं आणि मग त्याच्या तोंडून आणखी ऐकावीशी वाटायची. लग्न करायचं आमचं ठरलं होतं, सांगलीहून होकारही आला होता. अडलं होतं ते त्याच्या वडिलांपाशी. मालोजीराव, घरात सगळे अप्पा म्हणायचे. रेल्वेतून निवृत्त, सहा फूट उंच, नगाऱ्यासारखं पोट, आणि मत एकदा दिलं की दिलं. महाराष्ट्रातली पोर, एकटी राहते, कारखान्यात जाते, हे त्यांना पटत नव्हतं. रविवारी जेवायला बोलव, एकदा बघतो आणि सांगतो, असं ते म्हणाले होते. त्यांनी नाही म्हटलं असतं तर अरुण घर सोडून माझ्याबरोबर आला असता, आणि तेच मला नको होतं. आई-बापाला सोडून आलेला नवरा घेऊन मी काय सुखी होणार?

अरुणने मला आठवडाभर पढवलं. मोठ्याने बोलू नकोस. बँडेजचा विषय काढू नकोस. आणि मुख्य म्हणजे अप्पांपासून अंतर ठेव. त्यांच्या घरात सून सासऱ्याच्या हातात थेट काही देत नाही, पाण्याचा पेलासुद्धा टेबलावर ठेवायचा आणि ते उचलतात. नमस्कार करायचा तोही पायांना हात न लावता. मी म्हटलं, बरं बाबा, तुझ्या बापाच्या सावलीलाही शिवणार नाही.

आणि खरंच, अर्धं जेवण मी गाईसारखी गरीब होते. डोक्यावर पदर, मान खाली. अरुणच्या आईच्या, जयवंतीबाईंच्या, बोटाला विळीने कापलेलं होतं आणि त्यावर कॉफीपुडीचा लपका. मी तो बघितला, जीभ दाताखाली धरली आणि गप्प बसले. केळीच्या पानावर मटण, भात, वर तूप. अप्पा मला एकेक विचारत होते, मी हो नाही करत होते. त्यांचा चेहरा जरा सैलावल्यासारखा वाटला. अरुणने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, म्हणजे जमतंय.

तेवढ्यात अप्पा कशावरून तरी हसले. तोंडात घास होता.

आधी वाटलं ठसका लागला. जयवंतीबाई लगबगीने उठल्या, त्यांच्या टाळूवर थापट्या मारायला लागल्या, वर पाहा म्हणाल्या, कुणीतरी आठवण काढतंय. अरुणने पेला पुढे केला. पण मला ठसका ऐकूच येत नव्हता. काहीच ऐकू येत नव्हतं. अप्पा उभे राहिले, खुर्ची मागे कोसळली, दोन्ही हात गळ्याशी गेले, आणि त्यांचे डोळे बाहेर यायला लागले.

मी विचारलं, "अप्पा, बोलता येतंय?"

त्यांनी मान हलवली. नाही.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवतं आणि नीट आठवतही नाही. अरुणच्या हातातला पेला मी उडवला. टेबलाला वळसा घातला. अप्पांना पुढे वाकवलं आणि होणाऱ्या सासऱ्याच्या पाठीत सगळा जीव एकवटून तळहात हाणला. जयवंतीबाईंनी किंकाळी फोडली. पुन्हा हाणला, पुन्हा हाणला, हात बधिर झाला. काही निघेना. अप्पांचे ओठ निळे पडायला लागले होते. मग मी पदर कमरेला खोचला आणि त्यांना मागून मिठी मारली.

आणि माझे हात पोचेनात. पोट केवढं, माझे हात केवढे! एका हाताची बोटं दुसऱ्या हाताला लागत नव्हती. त्या क्षणाला माझं सगळं शिकणं पाण्यात गेलं असं वाटलं. अरुण "अप्पा, अप्पा" एवढंच म्हणत होता. मग आठवली ती मूठ. मी हात वर सरकवले, छातीच्या मध्यावर, मूठ धरली आणि आत ओढली. एकदा. अप्पांचे गुडघे वाकायला लागले. मी ओरडले, अरुण, धर त्यांना. दुसऱ्यांदा ओढलं ते पाय भिंतीला टेकवून.

हाडासकट मटणाचा तुकडा टेबलावर पडला. आणि मग तो आवाज आला, श्वास आत घेतल्याचा, मोठा, खरखरीत. तसला सुंदर आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मला नाचावंसं वाटत होतं. गेला होता माणूस, आणि आला! माझ्या या दोन हातांत आला!

मग माझ्या लक्षात आलं की मी अजून त्यांना मिठी मारून उभी आहे. पदर कमरेला, केस सुटलेले, हात रश्शाने माखलेले. मी सोडलं. जयवंतीबाई भिंतीकडे बघत होत्या. अप्पा खुर्चीवर बसले, पंच्याने तोंड पुसलं, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. संपलं, मी मनात म्हटलं. माणूस वाचला, लग्न मोडलं. रडू येत होतं आणि तरी आतून मी अजून उसळत होते.

पण काम पुरं झालं नव्हतं. इतका जोर लावल्यावर डॉक्टरला दाखवायलाच लागतं. मी तसं म्हटलं. अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले, मला काय झालं नाही, अस्के बसा, जेवा. अस्के म्हणजे त्यांच्या मराठीत सगळे. अरुण माझ्याकडे बघून डोळ्यांनीच नको म्हणत होता. मी ऐकते होय?

"अप्पा, तुमच्या छातीवर मी जोर लावलाय," मी म्हटलं. "बरगडीला काही झालं असेल तर त्याला जबाबदार मी. चपला घाला."

त्या घरात त्यांना असं कुणी बोललं नसावं. ते मुकाट्याने उठले आणि चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत रिक्षात आम्ही चौघं कोंबून बसलो. तिथल्या नर्सने त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं, छातीवरची लाली बघितली आणि तमिळमध्ये विचारलं, हे कुणी केलं? मी पुढे झाले. मी सांगितलं, घास अडकला होता. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण?

काय सांगणार? पाहुणी? जयवंतीबाई पदराशी चाळा करायला लागल्या.

अप्पांनी खाकरून घसा मोकळा केला. त्याने त्यांना दुखलं असावं, कारण डोळ्यांत पाणी आलं.

"मरुमगळ," ते म्हणाले.

मरुमगळ म्हणजे सून. तेवढं तमिळ मला येत होतं. मी तिथल्या तिथे भिंतीला टेकून भोकाड पसरलं, आणि नर्स अप्पांना सोडून माझीच नाडी बघायला धावली.