तात्यांची गळकी गाडी

गाडी गळते म्हणजे मालकाचं लक्ष नाही, हे माझ्या वडिलांचं, तात्यांचं, ठाम मत. पावणे एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते जन्मभर फिटर होते, त्यामुळे मशीनच्या बाबतीत घरात त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. रिटायर झाल्यावर त्यांची मोटरसायकल माझ्याकडे आली आणि मी तिच्यावरून खांदेश्वरहून महाप्याला कामाला जाऊ लागले. मग इंजिनाखाली तेलाचे थेंब दिसायला लागले, आणि तात्यांनी जाहीर केलं, "राजी, रविवारपातुर गळती थांबली न्हाय, तर गाडी विश्वजितला देणार."

विश्वजित माझा साताऱ्याचा चुलतभाऊ. तो गाडी धुतो आणि तिच्यावर बसून फोटो काढतो, बाकी काही करत नाही. त्याच्या हाती ही गाडी जाणार, या नुसत्या विचारानेच माझ्या अंगाची लाहीलाही झाली. तिचं इंजिन मी शाळेत असल्यापासून तात्यांच्या शेजारी बसून उघडत आले होते. ती माझी होती आणि मी ती सोडणार नव्हते.

कामाला लागले. ड्रेन बोल्टचा वॉशर बदलला, गॅस्केट बदललं, ऑइल सीलही नवं टाकलं. थेंब काही थांबेनात. शेवटी शनिवारी इंजिन डिझेलने पुसून लख्ख केलं, त्यावर आईची पावडर भुरभुरवली आणि एक चक्कर मारून आले. तेल जिथून येतं तिथे पावडर ओली होते, हेही तात्यांनीच शिकवलेलं. ओली झाली होती ती इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी. म्हणजे कुठे काही फुटलेलं नव्हतं. तेलच जास्त झालं होतं आणि इंजिन ते ओकत होतं. तेल मोजायची पट्टी घालून पाहिली, तर तेल वरच्या खुणेच्याही वर.

मी तर मोजून भरलं होतं. इंजिनात तेल आपोआप तयार होत नाही, कुणीतरी ओततंय, एवढं कळायला मला कुणाची मदत नको होती. मी तेल तसंच राहू दिलं. मला तो कुणीतरी रंगेहाथ पकडायचा होता.

रविवारी लवकर उठून पार्किंगमध्ये गेले. साइड स्टँडवर कललेल्या गाडीशी तात्या वाकले होते, हातात तेलाचा डबा. गाडी कलली की तेल एका बाजूला जातं आणि पट्टीवर कमी दिसतं. ते कमी दिसतंय म्हणून हे रोज ओतत होते, आणि वर बोल मला लावत होते.

मी तडकले. "तात्या, साइड स्टँडवर तेल मोजतात का? मी असं केलं असतं तर मला सोडलं असतं का तुमी? मेन स्टँडला लावा आणि मग बघा."

तात्यांनी हँडल धरलं, पाय स्टँडवर ठेवला आणि जोर लावला. गाडी हलली नाही. पुन्हा लावला. त्यांचा गुडघा थरथरला आणि ते सीट धरून उभे राहिले.

माझा राग कुठल्या कुठे गेला. बोलल्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं.

"दिवाळीपास्नं जमंना झालंय," ते म्हणाले. "पर रस्त्यात तुजं इंजिन कोरडं पडाय नको, म्हणून बघत हुतो."

मी गाडी मेन स्टँडला चढवली, जास्तीचं तेल काढलं, पट्टीवर बरोबर खुणेला आणलं. इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं वाकून खाली बघत राहिलो. एक थेंब पडला नाही.

तेवढ्यात विश्वजितचा फोन आला. गाडी न्यायला एसटीत बसू का, विचारत होता.

"नको येऊस," मी म्हटलं. "ऑइल सील गेलं होतं, मी बदललं." मशीनच्या बाबतीत तात्यांचं चुकलं, हे त्याला कशाला कळायला हवं?

तात्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"सील चांगलं हाय," ते म्हणाले. "गुडघा गेलाय माझा. गाडी राजीकडंच ऱ्हाणार."