रिकाम्या डोणीचे तीन दिवस

मी एक जुनी डोण आहे, मित्रांनो. खासी डोंगरातल्या एका सुताराने फणसाचं खोड कोरून मला घडवलं. काँग ड्रिसलिनच्या, म्हणजे ड्रिसलिनताईच्या, अंगणात अकरा वर्षं मी डुकरांना जेवू घालते आहे. काठोकाठ भरलेली असले की मला फार मिरवावंसं वाटे.

एका वर्षी अंगणातली डुकरीण बाह स्खेमची, म्हणजे स्खेमदादाची, होती. आमच्याकडची रीतच अशी : पिल्लं निम्मी मालकाची, निम्मी पाळणाऱ्याची, पण पहिली निवड मालकाची. पिल्लं रोड दिसली, तर तो डुकरीण दुसऱ्या घरी नेणार. मग काँगने वर्षभर जगायचं कशावर?

म्हणून आठ पिल्लं आईपासून तोडली, त्याच दिवशी तिने माझ्यात सोयाबीन, सुकी मासळी आणि भात काठापर्यंत ओतला. मला घासायचं मात्र घाईत राहून गेलं.

आठव्या दिवशी बाह स्खेम डोकावला. सगळ्यात मोठ्या पिल्लीच्या पापण्या टम्म होत्या.

"अगं काँग, ही तर डोळे मिटेस्तोवर माजली! घरजावई बघायचाय वाटतं हिला?"

"नजर लावू नका, बाह," काँग हसली.

दुपारी ती पिल्ली झिंगल्यासारखी चालू लागली. ओरडली, तर आवाज घोगरा. मग आडवी पडून पाय झाडत राहिली. संध्याकाळपर्यंत ती गेली, तिच्यामागून आणखी एक गेलं.

गुरांचे डॉक्टर बाह किरशान यांनी मेलेल्या पिल्लीची पापणी दाबून पाहिली. "ही चरबी नाही, सूज आहे. आईचं दूध एकदम तुटलं, वर असलं जड खाणं. आतड्यातले जंतू फोफावले आणि त्यांचं विष रक्तात गेलं. खाऊन धष्टपुष्ट झालेलीच आधी जातात."

"म्हणजे माझ्याच हाताने..."

"आता तोच हात आवरा, काँग. डोण घासा नि रिकामी ठेवा. वेगळ्या भांड्यात औषध घातलेलं पाणी द्या. मग थोडं थोडं पातळ खाणं. सगळी वाचतील, असं मात्र मी म्हणणार नाही."

तीन दिवस सहा तोंडं माझा कोरडा तळ चाटत होती. काँग भाताचं भांडं घेऊन यायची, उभी राहायची आणि तशीच परत फिरायची. प्रत्येक ओरडण्यागणिक मी धसकायचे : आवाज घोगरा तर नाही ना?

सहाही जगली.

निवडीच्या दिवशी बाह स्खेम म्हणाला, "रोड आहेत गं."

"जिवंत आहेत, बाह."

त्याने माझ्या घासलेल्या तळावरून हात फिरवला. मग त्याने तीन पिल्लं उचलली. डुकरिणीची दोरी त्याने खुंटीवरून सोडली नाही.

मित्रांनो, काठोकाठ भरले की आता मला भीती वाटते. मला आधी घासा. आणि मग, माया कितीही दाटून आली, तरी थोडीच भरा.