तिमाही महाराजांचा कानमंत्र

चारकोपच्या समाजमंदिरात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. देशाच्या विकासदराचा तिमाही आकडा सरकार चार वाजता जाहीर करणार होतं. दर चढणार की घसरणार, हे तिमाही महाराजांनी भक्तांना आठवड्याआधीच सांगून ठेवलं होतं. एकेकाला जवळ बोलावून, कानात. वर दटावणी, "कानमंत्र फुटला की फळ गेलं."

रेवती कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. या आकड्यापायी भलेभले पंडित तोंडघशी पडतात हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे महाराजांचं तिला जरा जास्तच कौतुक वाटे. पण आज गंमत बघायला ती आली नव्हती. तिची वहिनी सुलक्षणा शाळेचे गणवेश शिवून देई. मागच्या खेपेला तिचा कानमंत्र खरा ठरला होता. या खेपेला तो ऐकून तिने शिलाईचा गाळा मशिनांसकट विकायला काढला. घेणारा महाराजांचा भाचा खंडू. आकडा आला की सही.

"वहिनी, तुला काय सांगितलंय ते बोल तरी."

"नाही गं. फळ जातं."

मंचावर महाराजांनी डोळे मिटले. "मागल्या तिमाहीत कुणाकुणाला प्रचिती आली?"

बरेच हात वर झाले. एक काका माईक घेऊन रडलेही. प्रचिती न आलेल्यांना कुणी विचारलं नाही. त्यांची श्रद्धा कमी पडली होती, ते लाजेने घरीच बसले होते.

रेवती उठली. "महाराज, गेल्या आठवड्यात मीही मंत्र घेतला. दर चढणार, असं सांगितलंत मला."

सुलक्षणा तिच्याकडे बघतच राहिली. "चढणार? अगं, मला तर घसरणार म्हणाले."

"मलापण घसरणार," मागून कुणी बोललं.

"मला चढणार."

बघता बघता सगळ्यांचे मंत्र फुटले. निम्मे चढते, निम्मे घसरते.

महाराज डगमगले नाहीत. "बालिके, ज्याचा त्याचा जीडीपी निराळा."

"देश एकच आहे, महाराज," रेवती म्हणाली. "निम्म्यांना हो सांगायचं, निम्म्यांना नाही. आकडा काहीही येवो, निम्मी माणसं पाया पडणार. उरलेल्यांनी बोलू नये म्हणून तो कानमंत्र."

चार वाजले, आकडा आला. तो बघायला कुणाला सवड नव्हती, जो तो शेजाऱ्याला मंत्र विचारत होता. खंडू विक्रीचे कागद घेऊन सुलक्षणापाशी आला.

"ताई, सही."

सुलक्षणाने कागद परत केले. ती रागाने म्हणाली, "बाया मशिनीवर बसल्यात माझ्या. जूनमध्ये पोरं शाळेत उघडी जाणार काय रे?"

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "रेवती, खरं सांग. पुढे मंदी येईल का गं?"

"मला माहीत नाही, वहिनी. अंदाज बांधता येतो, तोही चुकतो. जो खात्रीने सांगेल, त्याला विचार की बाकीच्यांना काय सांगितलंस. आणि त्याने गप्प राहायला सांगितलं, तर हटकून मोठ्याने बोल."