पाठमोरा मेंढपाळ

बाळांनो, डोळे उघडे ठेवूनच जरा कल्पना करा. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला सात-आठ वर्षं झाली आहेत. शहागंजजवळची मुलींची शाळा सुटून तास उलटला आहे. वर्गात दोघीच उरल्या आहेत: सकाळपासून उभ्या असलेल्या चित्रकलेच्या द्वारकाबाई, आणि गारखेड्याहून रोज पायी येणारी दहा वर्षांची साळू. दोघींचेही पाय भरून आले आहेत.

फळ्याला एक जुनं छापील चित्र टेकवलेलं आहे. फ्लँडर्स नावाच्या दूरच्या मुलखातला एक चित्रकार तीनशे वर्षांपूर्वी रोमला गेला. तिथली झाडं, डोंगर, पडके खांब त्यानं तांब्याच्या पत्र्यावर कोरले आणि कागदावर उमटवले. कोपऱ्यात मेंढ्या आहेत. त्यांच्याकडे पाठ करून, दगडावर बसून, एक मेंढपाळ दूर बघतो आहे.

परीक्षेसाठी हे चित्र हुबेहूब उतरवायचं होतं आणि कागद उद्या सकाळी जायचे होते. पास झाली तर साळूला वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळणार होता. नाही मिळाला, तर तिच्या बापानं, केरबानं, सांगूनच ठेवलं होतं: शाळा बस झाली, मेंढरांमागं चल.

साळूनं झाडं सुरेख काढली होती. पण तिचा मेंढपाळ उभा होता, मेंढ्यांकडे तोंड करून.

"हे काय केलंस गं?"

"बाई, त्यो चुकीचा बसलाय."

"तीनशे वर्षं तसाच बसलाय तो. तुला कशाला त्याची काळजी?"

"पाठ फिरवली की मेंढरं ज्वारीत घुसतेत."

"तिथं ज्वारी नसते."

"लांडगं बी नसतेत व्हय?"

बाईंना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचेस्तोवर दमलं. त्या बाकावर टेकल्या.

"हे बघ, चित्रकारानं त्याला राखणीला बसवलेलंच नाही. तो बघतो तिकडं आपणही बघावं, म्हणून बसवलाय. बघ बरं, कुठं जाते नजर?"

साळूनं पाहिलं. दगड, पाण्याचं वळण, पूल, मग फिकट होत गेलेले डोंगर.

"लई लांब जाते," ती म्हणाली. "पर माझा बाप ह्याला एक दिस कामावर ठेवणार नाय."

"नको ठेवू दे. तपासणारे मात्र चित्र जुळतं का तेवढंच बघतील. मी तुझ्या कागदाला हात लावणार नाही, साळू. आता तूच ठरव."

साळूनं रबर उचललं आणि उभा मेंढपाळ पुसून टाकला. कागद तिथं खरखरीत झाला. त्याच जागी तिनं दुसरा मेंढपाळ काढला, बसलेला, पाठमोरा, अगदी चित्रातल्यासारखा.

बाईंनी कागदासाठी हात पुढे केला.

"थांबा, बाई," साळू म्हणाली, आणि पेन्सिलीचं टोक एकेका मेंढीवर टेकवत तिनं सगळी मेंढरं मोजून घेतली.