डावीकडची जागा

चर्च जुनं, म्हणजे इतकं जुनं की तिथे खऱ्या मेणबत्त्या लावायला मनाई होती. लाकडी छत पेट घेईल ही भीती. तेव्हा वेदीपासून दारापर्यंत मिणमिणणाऱ्या त्या शेकडो ज्योती बॅटरीवरच्या होत्या. लोक मात्र आत शिरताच आहाहा करत होते. थोरलीला हसू आलं. दिखाव्याला काय, दाद मिळतेच.

ती आली होती पानं उलटायला. पियानो वाजवणार तिची धाकटी बहीण. तिने मान हलवली की थोरलीने उठायचं, पानाचा वरचा कोपरा धरून ते उलटायचं आणि मुकाट्याने पुन्हा खुर्चीत बसायचं. कपडे काळे. टाळ्या पडल्या तरी उठायचं नाही, वाकून नमस्कार करणं तर लांबच राहिलं.

पण आज तिने नखं अगदी बारीक कापली होती. पेडल नीट दाबता यावं म्हणून पातळ तळाचे बूट घातले होते आणि दगडी फरशीचा गारठा पायात चढत होता, तरी तिची तक्रार नव्हती. कारण धाकटी फोनवर म्हणाली होती, "ताई, शेवटी आपलं ते चार हातांचं वाजवू या. आपण दोघी. लहानपणीसारखं."

लहानपणी दोघी एकाच बाकावर बसत. थोरली डावीकडे, खालचे सूर तिचे. धाकटी उजवीकडे. तिचे पाय पोचत नसत म्हणून पेडलही थोरलीच दाबायची. तिला शिकवलं थोरलीनेच. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि घरी कुणीतरी राहणं भाग होतं. कोण राहिलं ते सांगायला नको. धाकटी मोठी झाली, थोरली नुसती थोरली राहिली.

गेले कित्येक महिने शिकवणीची मुलं गेली की ती आपला निम्मा भाग घोकत बसे. शेजारीण एकदा म्हणाली, "अहो, हे गाणं पुढे सरकतच नाही का?" थोरली हसली होती. सरकेल, म्हणाली.

कार्यक्रम देखणा झाला. टाळ्या थांबेनात. आयोजकांनी खांबाआडून 'आणखी एक' अशी खूण केली. धाकटी पुन्हा बाकावर बसली आणि जराशी उजवीकडे सरकली.

थोरली उठली आणि बाकाच्या डाव्या टोकाला जाऊन बसली. तिचा पाय आपोआप पेडलकडे गेला. तिथे धाकटीचा पाय आधीच होता.

धाकटी सरकली होती ती बाकाखाली अडकलेला गाऊन सोडवायला.

"ताई, उठ ना," ती ओठ न हलवता म्हणाली. "लोक बघतायत."

"अगं पण आपण दोघी..."

"मी ते एकटीसाठी बसवून घेतलंय. आयोजक म्हणाले, लोक मला ऐकायला येतात. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. थोरली उठून खुर्चीत बसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला.

धाकटीने नवी पानं लावली आणि सुरुवात केली. थोरलीचे खालचे सूर आता तिच्या डाव्या हातात होते. एकही सुटला नव्हता. तेच जास्त झोंबलं.

पान संपत आलं. धाकटीने मान हलवली. थोरलीने हात मांडीवरून उचलला नाही. अडखळ, ती मनात म्हणाली. एकदा तरी अडखळ, सगळ्यांसमोर.

धाकटीने डोळे मिटले आणि शेवटपर्यंत वाजवलं.

मागच्या खोलीत धाकटी फुलांचे गुच्छ आवरत होती. "पान का गं नाही उलटलंस?"

"विसरले."

"जाऊ दे. मला सगळं पाठच असतं. नेहमीच."

"मग मला कशाला बोलावतेस?"

"तू घरी एकटी असतेस ना," धाकटी अगदी मायेने म्हणाली. "तेवढाच तुला विरंगुळा. पुढच्या महिन्यात येशील ना, ताई?"

"येईन," थोरली म्हणाली, आणि आपल्याच तोंडचा तो शब्द ऐकून तिला धाकटीपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.